ध्रुवीय प्रकाशाच्या आकलनाचा इतिहास : हॅल्डे आणि कुलाबा

प्रास्ताविक

उत्तर व दक्षिण ध्रुवांभोवतीच्या प्रदेशांत रात्रीच्या आकाशात हिरव्या, तांबड्या आणि जांभळट प्रकाशाचे जे पट्टे व पडदे दिसतात त्यांना मराठीत ‘ध्रुवीय प्रकाश’ म्हणतात. भूगोलाच्या क्रमिक पुस्तकांत या विषयाच्या वाट्याला सामान्यतः एखादा परिच्छेद येतो. सूर्याकडून विद्युत्भारित कण येतात, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ते ध्रुवांकडे वळतात आणि तेथील वातावरणातील वायूंवर आदळून प्रकाश उत्पन्न करतात, असे त्यात सांगितलेले असते. ढोबळमानाने हे विधान बरोबर आहे. परंतु ते इतक्या सहजपणे लिहिता यावे यासाठी सुमारे अडीचशे वर्षे खर्ची पडली, काही माणसे बर्फात गाडली गेली आणि एक मूलभूत अनुमान योग्य असूनही अर्ध्या शतकाहून अधिक काळ नाकारले गेले, हे त्या परिच्छेदातून कळत नाही.

या इतिहासातील दोन स्थळे विशेष लक्षणीय आहेत. पहिले उत्तर नॉर्वेतील आल्टा गावाजवळचे हॅल्डे शिखर होय. ते सुमारे ७० अंश उत्तर अक्षांशावर असून समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे. दुसरे स्थळ म्हणजे मुंबईची कुलाबा वेधशाळा. तिचा अक्षांश १९ अंशांच्या आतबाहेर असून बर्फाशी तिचा काहीच संबंध नाही. ध्रुवीय प्रकाशाच्या इतिहासात कुलाब्याला स्थान असावे हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. पण या घटनेचे कारण ध्रुवावर नसून पृथ्वीच्या संपूर्ण चुंबकीय आवरणात आहे हे ध्यानात घेतले, की ते विचित्र राहत नाही.

प्रारंभी संज्ञेविषयी थोडे स्पष्टीकरण इष्ट आहे. युरोपीय भाषांत या प्रकाशाला ‘ऑरोरा’ म्हणतात. १६१९ च्या सुमारास गॅलिलिओ आणि त्याच्या शिष्यवर्गाच्या लेखनात हे नाव आढळते. ऑरोरा ही रोमन लोकांची पहाटेची देवता असून तिचे नाव आणि वैदिक ‘उषस्’ हा शब्द एकाच मुळापासून आले आहेत. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथात उषःसूक्तांचा मोठा आधार घेतला आहे. मात्र टिळकांची उषा ही ध्रुवीय रात्रीच्या शेवटी अनेक दिवस टिकणारी दीर्घ पहाट आहे, रात्रीच्या आकाशातील ध्रुवीय प्रकाश नव्हे. नावातील साम्यामुळे या दोहोंची गल्लत होण्याचा संभव असतो, म्हणून हा भेद नोंदवणे आवश्यक आहे. टिळकांचा सिद्धान्त पुढे विद्वानांत टिकला नाही, तो प्रश्न येथे प्रस्तुत नाही.

बर्फ, अग्नी आणि चुंबकसूची

उत्तर स्कँडिनेव्हियातील सामी लोक या प्रकाशाकडे आदरयुक्त भीतीने पाहत. त्याच्याकडे बघून शीळ घालू नये, त्याची टवाळी करू नये, असे संकेत त्यांच्यात रूढ होते. फिनलंडमध्ये त्याला ‘कोल्ह्याचा अग्नी’ अशा अर्थाचे नाव आहे. या लोकसमजुती परिचित आहेत. त्या मानाने कमी परिचित, परंतु विचाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा पुरावा इसवी सनाच्या तेराव्या शतकाच्या मध्यास नॉर्वेत रचल्या गेलेल्या ‘राजाचा आरसा’ या ग्रंथात सापडतो. पितापुत्रांच्या संवादाच्या रूपाने लिहिलेल्या या ग्रंथात ग्रीनलंडच्या हवामानाचे, समुद्रातील बर्फाचे आणि तेथे दिसणाऱ्या ‘उत्तरेकडील प्रकाशा’चे वर्णन आहे. त्याच्या कारणाविषयी ग्रंथकार तीन तर्क मांडतो. पृथ्वीभोवतीच्या महासागराला वेढणाऱ्या अग्नीचा तो प्रकाश असावा, किंवा क्षितिजाखाली गेलेल्या सूर्याचे किरण वर येत असावेत, अथवा हिमनद्यांनी साठवून ठेवलेले तेज त्या रात्री बाहेर टाकत असाव्यात. तिन्ही तर्क चुकीचे आहेत, पण तिन्हींत अलौकिक शक्तींचा आधार घेतलेला नाही. निसर्गातील घटनेचे कारण निसर्गातच शोधण्याची ही भूमिका तेराव्या शतकासाठी लहान नव्हे.

बर्फाचा तर्क पुढेही दीर्घकाळ टिकून राहिला, कारण अनुभव त्याला अनुकूल होता. जितके उत्तरेकडे जावे तितके बर्फ अधिक आणि ध्रुवीय प्रकाशही अधिक, असे युरोपातील प्रवाशांना दिसत होते. हे साहचर्य फसवे आहे हे समजण्यासाठी आणखी उत्तरेकडे जाणे भाग होते.

चुंबकत्वाशी असलेल्या संबंधाचा पहिला धागा एडमंड हॅली याने पकडला. मार्च १७१६ मध्ये युरोपच्या बऱ्याच भागात प्रखर ध्रुवीय प्रकाश दिसला. त्यातील प्रकाशशलाका पृथ्वीच्या चुंबकीय रेषांना अनुसरतात, असे अनुमान हॅलीने त्याच वर्षी मांडले. प्रत्यक्ष मोजमापाचा पुरावा स्वीडनमधील उप्साला येथे मिळाला. आंद्रेस सेल्सियस आणि त्याचा मेहुणा ओलोफ हिओर्टर यांनी १७४१ मध्ये चुंबकसूचीच्या हजारो नोंदी घेतल्या. ध्रुवीय प्रकाश दिसतो त्या वेळी सूची अस्वस्थ होते असे त्यांना आढळले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एका दिवशी उप्सालातील सूची ढळली असता लंडनमध्ये जॉर्ज ग्रॅहम याच्या सूचीतही तशीच चलबिचल झाल्याचे पत्रव्यवहारातून निष्पन्न झाले. दोन दूरच्या ठिकाणी एकाच वेळी घेतलेल्या नोंदींची तुलना ही पद्धत येथे जन्मास आली. पुढील सर्व इतिहास एका अर्थाने या पद्धतीचाच विस्तार आहे.

दक्षिण गोलार्धातही असाच प्रकाश असतो हे जेम्स कुकच्या दुसऱ्या सफरीत स्पष्ट झाले. फेब्रुवारी १७७३ मध्ये दक्षिण महासागरात असताना त्याच्या जहाजावरून तो दिसला आणि त्याची नोंद झाली.

एकोणिसाव्या शतकात प्रकाशाच्या वारंवारतेचे नकाशे तयार झाले. अमेरिकेतील एलायस लूमिस याने १८६० मध्ये आणि झुरिच येथील हर्मन फ्रिट्झ याने १८८१ मध्ये उपलब्ध नोंदींच्या आधारे दाखवून दिले, की ध्रुवीय प्रकाश ध्रुवाकडे सारखा वाढत जात नाही. तो एका वलयात सर्वाधिक असतो आणि वलयाच्या आत, ध्रुवाकडे, पुन्हा विरळ होतो. या वलयाचे केंद्र भौगोलिक ध्रुव नसून चुंबकीय ध्रुवाच्या बाजूला सरकलेले आहे. बर्फाच्या तर्काला यामुळे जागाच उरली नाही. उत्तर नॉर्वे, आइसलंड, हडसनच्या उपसागराचा परिसर आणि अलास्का ही या वलयाखालील वा त्याच्या लगतची भूमी होय.

नॉर्वेलाच या अभ्यासाचे माहेर होण्याचा मान का मिळाला, याचे उत्तरही निसर्गातच आहे. वलयाखालचे इतर बहुतेक प्रदेश हिवाळ्यात गोठून जगापासून तुटतात. नॉर्वेच्या किनाऱ्यावर मात्र अटलांटिकचा उष्ण प्रवाह पोहोचत असल्याने सत्तराव्या अक्षांशावरही बंदरे बर्फमुक्त राहतात. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तेथे सूर्य उगवत नाही, त्यामुळे अंधाराची वाण नाही. आणि तरीही टपाल, रसद व माणसे पोहोचू शकतात. उन्हाळ्यात मध्यरात्रीच्या सूर्यामुळे निरीक्षण अशक्य होते. म्हणजे हे काम कडाक्याच्या थंडीतच करणे प्राप्त होते.

ध्रुवीय वर्ष

ऑस्ट्रिया-हंगेरीच्या नौदलातील अधिकारी कार्ल वाइप्रेख्त याचे जहाज १८७२ ते १८७४ या काळात आर्क्टिकच्या बर्फात अडकले होते. या मोहिमेत फ्रान्झ जोसेफ भूमीचा शोध लागला आणि तिचे मोठे कौतुक झाले. परंतु स्वतः वाइप्रेख्त समाधानी नव्हता. कोण किती उत्तरेस गेला या स्पर्धेतून विज्ञानाच्या हाती फारसे काही लागत नाही. अनेक राष्ट्रांनी ध्रुवाभोवती केंद्रे उभारून एकाच वेळी, सारख्याच पद्धतीने, वर्षभर नोंदी घ्याव्यात, असा आग्रह त्याने धरला. १८८१ मध्ये त्याचे निधन झाले. पुढील वर्षी, १८८२–८३ मध्ये, पहिले आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष पार पडले.

या उपक्रमाची किंमत अमेरिकेच्या लेडी फ्रँकलिन उपसागरातील केंद्राने चुकवली. ॲडॉल्फस ग्रीली याच्या नेतृत्वाखाली एल्समियर बेटावर गेलेल्या २५ जणांपर्यंत १८८२ आणि १८८३ अशी दोन्ही वर्षे मदतीचे जहाज पोहोचू शकले नाही. उपासमार, हिमदंश आणि आजार यांतून जून १८८४ मध्ये वाचवले गेलेल्यांपैकी फक्त सहा जण जिवंत घरी परतले. निरीक्षणांच्या वह्या मात्र परत आल्या. त्या वह्या सांभाळण्यासाठी त्या स्थितीतही माणसांनी शक्ती खर्च केली, ही बाब या इतिहासात क्वचितच अधोरेखित केली जाते.

याच हिवाळ्यात सोफस ट्रोमहोल्ट हा डॅनिश शिक्षक उत्तर नॉर्वेतील काउटोकेइनो या सामी वस्तीत मुक्कामास होता. ध्रुवीय प्रकाशाचे छायाचित्र घेण्याचा त्याचा प्रयत्न फसला, कारण तत्कालीन काचा तेवढ्या संवेदनशील नव्हत्या. त्याने घेतलेली सामी लोकांची व्यक्तिचित्रे मात्र अमोल ठरली आणि २०१३ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत समाविष्ट झाली. ध्रुवीय प्रकाशाचे पहिले यशस्वी छायाचित्र जर्मन शास्त्रज्ञ मार्टिन ब्रेंडेल याने जानेवारी १८९२ मध्ये आल्टाजवळील बोसेकोप येथे घेतले.

हॅल्डे

क्रिस्टियान बिर्केलँड याचा जन्म १८६७ मध्ये क्रिस्टियानिया, म्हणजे आजच्या ओस्लो, येथे झाला. निर्वात नळीतील ऋणकिरणांवर प्रयोग करीत असताना, १८९६ मध्ये, त्याने असे अनुमान बांधले की सूर्याकडून अशाच प्रकारचे किरण येत असावेत आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्यांना ध्रुवीय प्रदेशांकडे खेचून घेत असावे. हे अनुमान प्रस्थापित मताच्या विरोधात होते. चारच वर्षांपूर्वी, १८९२ मध्ये, लॉर्ड केल्विन यांनी रॉयल सोसायटीच्या अध्यक्षीय भाषणात गणिताने दाखवून दिले होते की सूर्य जर स्वतः चुंबकासारखा वागून पृथ्वीवर चुंबकीय वादळ घडवीत असेल, तर त्याला अशक्यप्राय ऊर्जा खर्च करावी लागेल. सौर डाग आणि चुंबकीय वादळे यांतील संबंध हा योगायोग असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. केल्विन यांचे गणित निर्दोष होते. ऊर्जा कणांच्या रूपाने वाहून येऊ शकते ही शक्यता त्यांच्या गृहीतकातच नव्हती.

बिर्केलँड प्रयोगशाळेत बसून राहिला नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. १८९७ च्या हिवाळ्यात फिनमार्कच्या पठारावर जागा शोधण्यासाठी गेला असता तो आणि त्याचे सहकारी हिमवादळात सापडले व जेमतेम वाचले. त्याच्या सुरुवातीच्या मोहिमांपैकी एकीत ब्योर्न हेलंड-हान्सेन या वैद्यकाच्या तरुण विद्यार्थ्याची बोटे हिमदंशामुळे कापावी लागली. शल्यविशारद होण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. पुढे हाच तरुण समुद्रविज्ञानात जागतिक कीर्तीचा अभ्यासक झाला. १८९९–१९०० च्या हिवाळ्यात हॅल्डे व शेजारच्या शिखरावर दगडी खोल्या बांधून बिर्केलँडने केंद्र चालवले. वाऱ्यामुळे कित्येक दिवस दार उघडणेही शक्य होत नसे. त्या मोहिमेत एका तरुण सहकाऱ्याला हिमस्खलनात प्राण गमवावे लागले. शिखरावर जाण्याचा हेतू प्रकाशाच्या अधिक जवळ जाणे हा होता. निरीक्षणांनी मात्र उलटेच दाखवले. प्रकाश पर्वतशिखरांना स्पर्श करीत नसून त्यांच्या कितीतरी वर असतो.

या अनुभवावरून त्याने पद्धत बदलली. १९०२–०३ मध्ये नॉर्वे, आइसलंड, स्पिट्सबर्गन आणि नोव्हाया झेम्ल्या येथे एकाच वेळी चार केंद्रे उभारली गेली. या केंद्रांतील चुंबकीय नोंदी आणि जगभरच्या वेधशाळांकडून मागवलेल्या नोंदी एकत्र ठेवून त्याने निष्कर्ष काढला, की ध्रुवीय प्रकाशाच्या वेळी वातावरणाच्या वरच्या थरात आडवा विद्युत्प्रवाह वाहतो आणि तो अवकाशातून चुंबकीय रेषांच्या दिशेने खाली उतरणाऱ्या व पुन्हा वर जाणाऱ्या प्रवाहांशी जोडलेला असतो. मोहिमेचा वृत्तान्त १९०८ आणि १९१३ अशा दोन भागांत प्रसिद्ध झाला. दरम्यान ‘टेरेला’, म्हणजे लहानशी पृथ्वी, हा त्याचा प्रयोग गाजला. निर्वात पेटीत चुंबकित गोल ठेवून त्यावर ऋणकिरण सोडले असता गोलाच्या दोन्ही ध्रुवांभोवती प्रकाशाची वलये उमटत.

या संशोधनाला पैसा कोठून आला, ही हकीकतही बोलकी आहे. बिर्केलँडने विद्युत्चुंबकीय तोफ तयार करून तिचे जाहीर प्रात्यक्षिक १९०३ मध्ये केले. प्रात्यक्षिकात तोफेचा स्फोटक बिघाड झाला आणि प्रेक्षकांची पळापळ झाली. त्या बिघाडात दिसलेल्या विद्युत्ज्वालेचा उपयोग हवेतील नायट्रोजनपासून खत बनवण्यासाठी करता येईल, हे सॅम आयडे या अभियंत्याबरोबरच्या चर्चेतून पुढे आले आणि १९०५ मध्ये नॉर्स्क हायड्रो ही कंपनी स्थापन झाली. शेतीच्या खताने आकाशातील प्रकाशाच्या अभ्यासाचा खर्च भागवला. बिर्केलँडचे अखेरचे दिवस मात्र एकाकी होते. इजिप्त व सुदानमध्ये निरीक्षणे केल्यानंतर घरी परतण्याच्या वाटेवर असताना, जून १९१७ मध्ये, टोकियोतील एका हॉटेलात त्याचा मृत्यू झाला. झोपेसाठी घेतलेल्या व्हेरोनल या औषधाची मात्रा त्यास कारण ठरली.

त्याचा सहकारी कार्ल स्टर्मर हा गणितज्ञ. चुंबकीय क्षेत्रात विद्युत्भारित कणाचा मार्ग कसा असेल याचे गणित त्याने वर्षानुवर्षे केले, आणि दूरध्वनीने जोडलेल्या दोन ठिकाणांहून एकाच क्षणी छायाचित्रे घेऊन प्रकाशाची उंची मोजली. बहुसंख्य वेळा प्रकाशाची खालची कड सुमारे १०० किलोमीटर उंचीवर असल्याचे सिद्ध झाले. हॅल्डे येथे १९१२ मध्ये कायमची वेधशाळा उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने फिनमार्क जाळले तेव्हा ही इमारतही जळाली. पुढे तिची डागडुजी झाली आणि आज पदभ्रमण करणारे तेथे जातात.

प्रकाशाच्या रंगाचे कोडे वेगळ्याच दिशेने सुटले. आंद्रेस अँगस्ट्रॉम याने १८६७ मध्ये त्याच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा पाहिली होती, पण ती कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळत नव्हती. टोरोंटो येथील मॅक्लेनन व श्रम यांनी १९२५ मध्ये ती ऑक्सिजनच्या अणूची असल्याचे दाखवले. अणू उत्तेजित झाल्यावर सुमारे पाऊण सेकंद थांबून हा प्रकाश सोडतो. खालच्या दाट हवेत तेवढ्या अवधीत त्याची टक्कर होऊन ऊर्जा नष्ट होते, म्हणून प्रयोगशाळेत ही रेषा सहजी मिळत नव्हती. तांबड्या प्रकाशासाठी तर जवळजवळ दोन मिनिटे लागतात. त्यामुळे तो २०० किलोमीटरहून अधिक उंचीवरच्या अतिविरळ हवेतच दिसतो. उंचावर असल्याने तो फार दूरवरून, दक्षिणेकडील क्षितिजापलीकडूनही दृष्टीस पडू शकतो. मुंबईच्या संदर्भात ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

साठ वर्षांचा वाद

बिर्केलँडच्या मांडणीत एक खरी उणीव होती. केवळ ऋणभारित कणांचा झोत सूर्यापासून पृथ्वीपर्यंत टिकणार नाही, परस्पर अपसरणामुळे तो वाटेतच विखुरला जाईल, हा आर्थर शुस्टर यांचा १९११ मधील आक्षेप बिनतोड होता. १९१९ मध्ये लिंडेमन यांनी धन व ऋण दोन्ही कण असलेल्या उदासीन वायूची कल्पना मांडून ती अडचण दूर केली. पण एका भागातील चूक दाखवली गेली की उरलेला भागही टाकून देण्याची प्रवृत्ती विद्वानांत असते, आणि येथे तसेच घडले. ब्रिटिश भूभौतिकीतज्ज्ञ सिडनी चॅपमन यांचा या क्षेत्रावर मोठा प्रभाव होता. चुंबकीय वादळांसाठी आवश्यक प्रवाह वातावरणाच्या थरातच आडवे फिरून पूर्ण होतात, अवकाशातून उभे येणारे प्रवाह मानण्याची गरज नाही, ही त्यांची भूमिका गणितदृष्ट्या अधिक देखणी होती. जमिनीवरील चुंबकमापनाने दोन मतांपैकी एकाची निवड करता येत नव्हती, हे मान्य केले पाहिजे. चॅपमन यांना हट्टी म्हणणे सोपे आहे, पण त्यांच्याजवळचा पुरावा त्यांच्या मताशी विसंगत नव्हता. स्वीडनचे हान्नेस आल्फवेन १९३९ पासून बिर्केलँडची बाजू लढवत राहिले.

निर्णय उपग्रहांनी दिला. सुमारे ११०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या अमेरिकी नौदलाच्या एका उपग्रहाच्या चुंबकमापकात ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यावरून जाताना ठरावीक विचलने आढळत होती. अल्फ्रेड झमुडा आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये ती प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांचा अर्थ लहरी असा लावला गेला होता. चुंबकीय रेषांच्या दिशेने वाहणारे प्रवाह हाच त्यांचा अर्थ आहे, हे कमिंग्ज व डेस्लर यांनी १९६७ मध्ये दाखवले. १९७० च्या दशकात ट्रायड उपग्रहाच्या नोंदींनी संशयाला जागा ठेवली नाही. या प्रवाहांचे एकूण परिमाण दशलक्ष अँपिअरपर्यंत जाते. त्यांना आता ‘बिर्केलँड प्रवाह’ म्हणतात. नॉर्वेने १९९४ मध्ये २०० क्रोनरच्या नोटेवर त्याचे चित्र छापले. ती नोट अलीकडे चलनातून बाद झाली आहे.

कुलाबा

१ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सौर डागांचे चित्र काढीत असताना त्याला डागांच्या समूहावर अचानक प्रखर पांढरा प्रकाश दिसला. साडेसतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ उसळले. क्यूबा आणि हवाईसारख्या ठिकाणीही ध्रुवीय प्रकाश दिसला. अमेरिकेत बोस्टन व पोर्टलंड यांच्या दरम्यानच्या तारखात्याच्या कर्मचाऱ्यांनी विद्युत्घट काढून ठेवून केवळ तारेत उद्भवलेल्या प्रवाहावर काही काळ संदेश पाठवले.

युरोपातील अनेक वेधशाळांची छायाचित्रणावर चालणारी उपकरणे त्या वेळी नोंदपट्टीच्या मर्यादेबाहेर गेली. कुलाब्यास मात्र नोंद शाबूत राहिली. १८२६ मध्ये स्थापन झालेल्या या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणे होत होती. तेथे सूचीचे वाचन दुर्बिणीतून डोळ्यांनी केले जाई. एरवी तासाला एक, आणि सूची अस्वस्थ झाल्यास काही मिनिटांच्या अंतराने. २ सप्टेंबरच्या सकाळी निरीक्षकांनी हा नियम पाळला. त्यांची नावे इतिहासात राहिली नाहीत, आकडे राहिले. ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोंझालेस, गुरबक्ष लखिना आणि शोभना अलेक्स यांनी २००३ मध्ये ते प्रकाशात आणले, तेव्हा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याचे दिसले. तुलनेसाठी असे सांगता येईल की १३ मार्च १९८९ च्या ज्या वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा नऊ तास बंद पाडला, त्याची तीव्रता वादळमापनाच्या प्रमाण निर्देशांकानुसार ५८९ नॅनोटेस्ला होती.

परंतु ही तुलना वाटते तेवढी सरळ नाही. निर्देशांक हा अनेक वेधशाळांच्या तासाभराच्या सरासरीवर आधारलेला असतो, तर कुलाब्याचा आकडा एकाच ठिकाणचा, क्षणिक घसरणीचा आहे. सिस्को आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तासाची सरासरी काढली असता ती ८५० नॅनोटेस्लाच्या आसपास आली. याहून गंभीर प्रश्न कारणाचा आहे. विषुववृत्ताच्या वर हजारो किलोमीटरवर वाहणाऱ्या वलयप्रवाहामुळे ही घसरण झाली, की ध्रुवीय प्रकाशाचे वलयच अतोनात दक्षिणेकडे पसरून त्याच्याशी निगडित प्रवाहांचा प्रभाव मुंबईपर्यंत पोहोचला? घसरण अत्यंत वेगाने झाली आणि तितक्याच वेगाने सावरली, हा मुद्दा दुसऱ्या मताचे पुरस्कर्ते पुढे करतात. म्हणजे १९०३ मध्ये हॅल्डेच्या पायथ्याशी बसून बिर्केलँड जो प्रश्न विचारीत होता, तोच प्रश्न शंभर वर्षांनी कुलाब्याच्या वहीपुढे उभा राहिला. वाद अद्याप मिटलेला नाही. विद्युत्जाळ्यांवर येऊ शकणाऱ्या अरिष्टाची कमाल मर्यादा कोणती धरावी, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असल्याने तो केवळ पुस्तकी वाद नव्हे.

मुंबईतून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंदही उपलब्ध आहे. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री तो येथे दिसल्याचे वृत्त तत्कालीन इंग्रजी वर्तमानपत्रात आले. आफ्रिकेत खार्टूमपर्यंत त्याचे दर्शन झाले आणि मुंबई-एडन दरम्यानच्या समुद्राखालील तारायंत्रात व्यत्यय आला. जपानी संशोधक हिसाशी हायाकावा आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये या घटनेचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात कुलाब्याच्या नोंदी केंद्रस्थानी आहेत. १८५९ चे वादळ एकमेव नव्हते, हे त्यातून दिसते.

या नोंदींची अखंडता आपोआप टिकलेली नाही. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार हे विसाव्या शतकाच्या आरंभी ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहामुळे सूचीची नोंद दूषित होणार हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांनी समुद्रापलीकडील अलिबाग येथे लोहविरहित साहित्याने चुंबकीय वेधशाळा उभारली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचने घेतली गेली, जेणेकरून जुनी आणि नवी मालिका जोडता यावी. ट्राम १९०७ मध्ये धावू लागली. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींचे मूस यांनी केलेले दोन खंड १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. ती दोन वर्षांची दुहेरी मेहनत टाळली असती तर १८५९ चा आकडा आजच्या मोजमापाशी पडताळून पाहणे अवघड झाले असते. अलिबागची वेधशाळा सध्या नवी मुंबई परिसरातील भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे असून या संस्थेची उपकरणे अंटार्क्टिकातील मैत्री केंद्रावरही आहेत. भारताचे पहिले अंटार्क्टिका पथक डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाले होते. आर्क्टिकमध्ये, स्पिट्सबर्गनच्या न्यू ऑलेसुंद येथे, २००८ मध्ये ‘हिमाद्री’ हे केंद्र सुरू झाले. ७९ व्या अक्षांशावरील या जागी ऐन हिवाळ्यात दुपारीही अंधार असल्याने पृथ्वीच्या दिवसाकडील बाजूचा ध्रुवीय प्रकाश पाहता येतो. ही सोय जगात फार थोड्या ठिकाणी आहे.

१० व ११ मे २०२४ च्या रात्री गेल्या दोन दशकांतील सर्वांत तीव्र चुंबकीय वादळ झाले. त्याची तीव्रता ४०० नॅनोटेस्लाच्या जवळपास होती, म्हणजे कुलाब्याच्या तासिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. त्या रात्री लडाखमधील हान्ले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजालगत तांबड्या रंगाची झळाळी टिपली. हिरवा रंग तेथून दिसला नाही. तो पृथ्वीच्या वक्रतेआड, फार उत्तरेस राहिला होता.